निळ्या रंगाचा पत्ता

१९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकडी नावाचे सागरी जीव गोळा करायला पाण्यात उतरलेल्या लोकांना तळाशी भांड्यांचा ढीग सापडला. उपसायला घेतला तेव्हा जवळजवळ ६०,००० भांडी निघाली. त्यातले बहुतेक वाडगे चीनच्या छांगशा भागातल्या भट्ट्यांमधले होते. मोठ्या रांजणांत ते एकाला एक लावून, गोल गोल रचून भरले होते. भांडीवाल्याकडून डिनर सेट घरी आणताना आपला जीव वरखाली होतो. इथे काही वाडगे हजार-बाराशे वर्षं समुद्रात राहूनही टवका न उडता बाहेर आले. एका वाडग्यावर भट्टीत जाण्याआधीच तारीख कोरलेली होती. आपल्या हिशेबाने ते साल येतं इसवी सन ८२६. पुरातत्त्ववाल्यांची इतकी सोय सहसा कोणी करून ठेवत नाही.

माल चिनी, पण गलबत चिनी नव्हतं. त्याच्या फळ्यांत एकही लोखंडी खिळा नव्हता. फळीला फळी जोडून, भोकं पाडून, दोरीने चक्क शिवलेलं होतं ते. ही रीत अरबी समुद्राकाठची. लाकडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा काही भाग आफ्रिकेतल्या अफ्झेलिया झाडाचे आणि आडव्या तुळया सागवानी निघाल्या. म्हणजे पश्चिमेकडचं गलबत चिनी माल भरून परतीच्या वाटेवर असताना बुडालं असणार. शिवलेलं जहाज लाटेबरोबर थोडं वाकतं, मुरडतं, आणि गंजायला त्यात खिळेच नसतात. समुद्रात चुंबकाचे डोंगर असतात, ते खिळे ओढून घेतात, अशी मध्ययुगीन दंतकथाही होती. ती मला खऱ्या कारणांपेक्षा जास्त आवडते. (अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, गोव्यात काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झालं, ते याच जातकुळीतलं.)

ही गलबतं चालायची वाऱ्याच्या वेळापत्रकावर. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून इराणच्या आखातातून केरळकडे निघायचं, पुढे मलाक्काच्या सामुद्रधुनीतून उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर चीन गाठायचा, आणि वारा फिरला की परत. सन ८५१च्या एका अरबी वृत्तांतात मस्कत ते कोल्लम हे अंतर बेताच्या वाऱ्यात महिनाभराचं सांगितलं आहे. ठरलेल्या वेळेला, हंगामाला अरबीत 'मौसिम' म्हणतात. आपले 'मोसमी वारे' तिथूनच आले.

आता बेलितुंगच्या त्या ढिगातल्या तीन बशांकडे येऊ. हजारो वाडग्यांत सहज हरवल्या असत्या. पांढऱ्या अंगावर निळ्या रेघांची नक्षी असलेली चिनी भांडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्याचे अखंड राहिलेले सर्वांत जुने नमुने या तीन बशा आहेत. मधला पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार आणि त्याला फुटलेली पानं ही नक्षी मात्र चीनची नाही. ती इराकमधल्या बसऱ्याच्या भांड्यांवर दिसते.

गोष्ट सुरू होते हेव्यापासून. खलिफा हारून अल-रशीदला पूर्व इराणकडच्या खुरासानच्या सुभेदाराने चिनी राजदरबारातली २० भांडी नजर केली. तशी भांडी खलिफाच्या दरबारात तोवर कोणी पाहिली नव्हती, असं इतिहासकार बैहकी लिहितो. त्या ८५१च्या वृत्तांतातही नवल केलं आहे की चिनी पेले मातीचे असूनही काचेसारखे, आतलं पाणी बाहेरून दिसावं इतके पातळ. बसऱ्याच्या कुंभारांना असं काही करून दाखवायचं होतं. अडचण अशी की त्यांच्याकडे ती पांढरी माती, केओलिन, नव्हती, आणि १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणाऱ्या भट्ट्याही नव्हत्या. त्यांची माती भाजल्यावर पिवळट व्हायची.

मग त्यांनी पांढरेपणा वरून चढवला. काचेच्या लेपात कथलाचं ऑक्साइड मिसळलं. त्याचे बारीक कण लेपात विरघळून न जाता तसेच राहतात, आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. दूध पांढरं दिसतं ते ह्याच कारणाने. पिवळी माती लेपाखाली झाकली गेली. झालेल्या पांढऱ्या पाटीवर त्यांनी कोबाल्ट या धातूच्या रंगाने निळी नक्षी काढली, आणि इथे ते चिन्यांच्या पुढे गेले. नक्कल करता करता नवी वस्तू झाली. ती चीनमध्ये कोणीतरी पाहिली, आणि हेनान प्रांतातल्या गोंगशियनच्या भट्ट्यांनी तिची नक्कल केली. बेलितुंगच्या बशा त्या नकलेतल्या. म्हणजे नकलेची नक्कल, तीसुद्धा मूळ गिऱ्हाइकालाच विकायला काढलेली!

हे नुसत्या नक्षीवरून म्हणता येत नाही, नक्षी कोणीही उचलतो. रंगाचा पत्ता लागतो तो क्ष-किरणांनी. भांड्यावर क्ष-किरण सोडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, वरचा खाली घसरतो, आणि घसरताना ठरावीक ऊर्जेचा किरण बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याची ही ऊर्जा वेगळी, त्यामुळे भांडं न खरवडता आत काय काय आहे ते कळतं. चीनमधल्या कोबाल्टच्या खनिजात मँगनीज भरपूर, बहुधा कोबाल्टहूनही जास्त. इराणकडच्या खनिजात ते नगण्य. आणि चीनच्या सुरुवातीच्या निळ्या रंगात मँगनीज कमीच सापडतं. पुढे मिंग काळात चिनी लोक आयात केलेल्या या रंगाला 'हुईहुई छिंग' म्हणजे 'मुसलमानी निळा' म्हणत.

बरं, ही जहाजं कोकणाला वळसा घालून जात नव्हती. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला, तेव्हा तिथे इराणच्या किनाऱ्यावरचं सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेल्यांसह सुमारे १०,००० मुसलमान राहत होते असं त्याने लिहून ठेवलं आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेला सन ९२६चा ताम्रपट तर वाचावाच असा आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी त्यात 'मधुमती' म्हणून येतो, हा मोहम्मद. त्याने नद्या ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या होत्या आणि अन्नछत्र घातलं होतं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे.

निळ्या रंगाला खरी भरभराट आली चौदाव्या शतकात. चीन आणि इराण दोन्हीकडे मंगोल घराण्याच्या शाखा राज्य करत होत्या, त्यामुळे इराणी कोबाल्ट चीनमधल्या चिंगदेचन या कुंभारांच्या गावातल्या भट्ट्यांवर सहज पोचत होता. तिथल्या गाओलिंग टेकडीवरूनच 'केओलिन' हे नाव पडलं. पश्चिम आशियात चौघं मिळून एका ताटात जेवतात, म्हणून तिथल्या बाजारासाठी परातीएवढी थोरली ताटं घडवली जात.

कथलाचा पांढरा लेप मात्र उलट दिशेने निघाला होता: इजिप्त, स्पेन, इटली. सतराव्या शतकात हॉलंडच्या डेल्फ्टला चिनी भांड्यांचं वेड लागलं. त्यांच्याकडेही केओलिन नव्हतं, आणि त्यांनीही नेमकं बसऱ्याच्या कुंभारांनी केलं तेच केलं.

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा वास्तूत भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, १९३५च्या. पोर्तुगीज त्यांना 'अझुलेजो' म्हणतात. 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून हे नाव, असं ऐकणाऱ्याला वाटतं. शब्द आहे अरबी, 'अल-झुलैज': गुळगुळीत केलेला दगड.