आमादीस कथाचक्र

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये छापली गेलेली अद्भुतरम्य शिलेदारी प्रेमकथांची मालिका. ‘आमादीस दे गौला’ या मूळ कथेला एकामागून एक उत्तरकथा जोडल्या गेल्या आणि बहुतेक वेळा नायक बदलला : आधी मुलगा, मग पुतण्या, नातू, पणतू.

मूळ कथेच्या उगमाविषयी एकमत नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज बखरकार झुरारा याने तिचे कर्तृत्व व्हास्को दे लोबेइरा याला दिले. आमादीसमधील एक गीत जुआँव लोबेइरा याच्या नावावरील पोर्तुगीज कवितेशी जुळते, हाही पोर्तुगीज उगम मानणाऱ्या पक्षाचा पुरावा. मात्र लोपेस दे आयाला या कास्तिली (स्पॅनिश) कवीने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आपण आमादीसच्या गोष्टी ऐकण्यात वेळ दवडला, अशी कबुली दिली आहे. त्याच सुमाराचा वा थोडा नंतरचा कवी पेरो फेर्रूस तीन भागांच्या आमादीसचा उल्लेख करतो. 1420 च्या आसपासच्या हस्तलिखिताचे तुकडे 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची भाषा कास्तिली आहे. त्यांवरून कास्तिली उगमाकडे कल झुकतो, पण गीताचा प्रश्न त्याने सुटत नाही. याच तुकड्यांत एस्प्लांदियान हे नाव आढळते. म्हणजे नायकाचा मुलगा ही पुढे केलेली भर नव्हे.

आज उपलब्ध असलेली संहिता मेदिना देल काम्पो येथील गार्सी रॉद्रिगेस दे मोन्ताल्व्हो याची (सारागोसा, 1508). तिसऱ्या भागात एस्प्लांदियान जन्मतो तेव्हा त्याच्या छातीवर उजवीकडे शुभ्र अक्षरांत त्याचे स्वतःचे नाव असते. डावीकडची सात अक्षरे निखाऱ्यासारखी लाल, पण कोणालाच वाचता येत नाहीत. ते त्याच्या भावी प्रेयसीचे नाव. उत्तरकथेची नायिका अशी आधीच ठरून गेली.

पाचवा भाग ‘एस्प्लांदियानचे पराक्रम’ (उपलब्ध सर्वांत जुनी प्रत 1510) हा कॉन्स्टँटिनोपलजवळच्या थडग्यात सापडलेल्या पोथीवर आधारलेला असल्याची बतावणी मोन्ताल्व्होने केली आहे. त्यात बापलेकांची झुंज होते आणि आमादीस घायाळ होऊनही वाचतो. आद्य कथेत तो मुलाच्याच हातून मरत असावा, असे मारीया रोसा लीदा या अभ्यासक विदुषींनी 1953 मध्ये मांडले. हे मत ग्राह्य वाटते, कारण तो त्या जखमांनी मेला ही वदंता मोन्ताल्व्हो स्वतःच खोडून काढतो. कॅलिफोर्निया हे नावही याच भागातले : सोन्याची शस्त्रे बाळगणाऱ्या काळ्या स्त्रियांचे बेट.

जुन्या नायकाचे करायचे काय, ही अडचण प्रत्येक लेखकापुढे होती. मोन्ताल्व्होने शेवटी उर्गांदा या जादूगारणीकरवी सर्वांना मंत्राने निद्रिस्त करून ठेवले. सहाव्या भागात पाएस दे रिबेरा याने आमादीसचा पुतण्या फ्लोरिसान्दो पुढे आणला. फेलिस्यानो दे सिल्व्हाने सातव्यात (1514) एस्प्लांदियानचा मुलगा लिसुआर्ते घेतला. आठव्यात (1526) हुआन दीआसने आमादीसला चक्क मारून टाकले. सिल्व्हाने हा भाग जमेसच धरला नाही. नवव्यात (1530) आमादीस जिवंतच आहे, आणि आठवा भाग जन्मालाच यायला नको होता, असा त्रागाही त्यात छापलेला आहे.

सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीत (1605) पाद्री नायकाच्या पुस्तकांची झडती घेतो, तेव्हा मूळ आमादीस बचावतो, एस्प्लांदियान मात्र, बापाची पुण्याई मुलाला उपयोगी नाही म्हणून, खिडकीतून अंगणात जातो.

फ्रेंच भाषांतरे 1540 पासून निघाली. जर्मन मालिका 1595 पर्यंत 24 भागांवर गेली.