चोर्ल्याच्या उतारावर पेट्रोल जातं कुठं?

गेल्या दिवाळीत पुतण्याच्या गाडीतून गोव्याला चाललो होतो. जांबोटी, कणकुंबी मागं पडली आणि चोर्ला घाटाचा उतार लागताच त्यानं गाडी न्यूट्रल केली. "काका, उताराला पेट्रोल वाचतंय की!" बेळगाव-खानापुरात हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की नीट लिहायलाच हवं. पेट्रोल वाचत नाही. उलट जास्त जातं, आणि जीवाला धोका वेगळाच.

हल्लीच्या गाडीत पेट्रोल इंजेक्टरमधून फवारलं जातं. गाडी गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात. ते ओळखून गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, थेंबभरही पेट्रोल जळत नाही. न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावंच लागतं, आणि गाडी आवरायचा सगळा भार ब्रेकवर येतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे. चार माणसांसह 1200 किलोची गाडी पणजीला उतरते, तेव्हा वस्तुमान गुणिले 9.8 गुणिले उंची, म्हणजे सुमारे 88 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत 25 लिटरहून जास्त पाणी उकळेल. यातली काही हवा कापण्यात आणि टायरच्या घर्षणात जाते, काही इंजिन अडवतं, उरलेली ब्रेक तापवते. घाट संपल्यावर येणारा लायनरचा, म्हणजे ब्रेकमधल्या घासणाऱ्या पट्टीचा, करपट वास तोच. परतताना तीच उंची चढायला लिटरभर जास्तीचं पेट्रोल लागतं आणि त्यातून जवळपास अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

इलेक्ट्रिक गाडी इथं जे करते, ते मला फार आवडतं. सायकलचा डायनामो आठवा. खटका दाबून तो टायरला टेकवला, की दिवा लागायचा आणि पॅडल जड व्हायचं. दिव्यातली वीज तुमच्याच पायांतून यायची. वेटोळ्यात वाहू लागलेली वीज स्वतःचं चुंबकत्व तयार करते आणि ते फिरणाऱ्या चुंबकाला मागं खेचतं. हाच लेन्झचा नियम. इलेक्ट्रिक गाडीची मोटर उतारावर असाच डायनामो होते. इंडक्शन मोटर असेल तर कंट्रोलर विजेची वारंवारता घटवतो, स्टेटरमधलं (मोटरच्या स्थिर भागातलं) फिरतं चुंबकीय क्षेत्र रोटरपेक्षा (फिरणाऱ्या भागापेक्षा) हळू फिरू लागतं आणि विजेचा प्रवाह उलटून बॅटरीकडे वळतो. गाडी थोपते, तीही ब्रेक न झिजवता. सगळं नुकसान वजा जाता युनिटभर वीज परत आली, तरी ती सपाटीवर सहा-सात किलोमीटरला पुरते. मात्र घाटाच्या तोंडाशी बॅटरी 100 टक्के भरलेली असली, तर ही वीज ठेवायला जागाच नसते. बेळगावातून भरून निघालात तर कणकुंबीपर्यंत पुरेशी जागा होते. डिझेल रेल्वे इंजिनाच्या मोटरीही घाटात अशीच वीज करतात, पण ती साठवायची सोय नसल्यानं इंजिनावरच्या रेझिस्टरमध्ये, म्हणजे वीज अडवून तापणाऱ्या तारांत, जाळून पंख्यानं गरम हवा बाहेर फेकतात. कॅसलरॉक-कुळे घाटाला तर 37 मीटरला एक मीटर असा उतार आहे.

टपावर पंखा बसवून स्वतःच चार्ज होणाऱ्या गाडीचे व्हिडिओ फिरतात. ते खोटे आहेत. पंखा फिरवायला हवा जितकी अडवाल, तितका जास्त जोर मोटरला लावावा लागतो. तसंच घाटात ब्रेक लागेनासे झाले, तर त्याला नजर नाही, तापलेलं लायनर कारण असतं. त्यावर लिंबू-मिरची चालत नाही, खालचा गियर चालतो.

पण त्याआधी प्रश्न असा, की माणशी लोखंड किती ओढायचं? एकटा माणूस कारमधून 1000 किलो ओढत नेतो. 10 टनांच्या बसमध्ये 50 जण असले, तर माणशी 200 किलो. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि आमच्याकडच्या बसेस भरून धावू लागल्या. गर्दीचा त्रास खरा आहे, बसेस वाढायलाच हव्यात. तरी खानापूर ते बेळगाव या 26 किलोमीटरचा हिशोब करून बघा. लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या कारमध्ये एकट्यासाठी पावणेदोन लिटर पेट्रोल जळतं. लिटरला 5 किलोमीटर जाणाऱ्या भरल्या बसमध्ये माणशी डिझेल लागतं 100 मिलिलिटर, चहाच्या कपाएवढं.