फोमच्या कॉलरने मान वाचते?

रेसिंग ट्रॅकवर कार चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा समज: ‘हेल्मेटखाली फोमची गोल कॉलर घातली की मान सुरक्षित.’

समज चुकीचा आहे, पण का रुजला ते कळतं. कॉलर मऊ असते, डोक्याला टेकू देते, लांबच्या सेशनमध्ये मानेला आरामही पडतो. वाचवत मात्र नाही.

सांगलीच्या एसटीत ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की अंग सीटवर राहतं आणि डोकं पुढे जातं. ट्रॅकवर बेल्ट खांदे घट्ट धरतो, डोकं मोकळंच. डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण ६ किलो. धडकेत गुरुत्वाच्या ४० पट झटका बसला तर ओढ २४० किलोची, म्हणजे यार्डातली हळदीची ५० किलोची जवळजवळ पाच पोती मानेला लटकलेली! ही ओढ कवटीच्या तळाशी येते. फोम दाबला जातो, ओढ धरू शकत नाही.

ती धरतं खांद्याच्या बेल्टखाली बसणारं हेड रिस्ट्रेंट, म्हणजे डोकं पुढे फेकू न देणारं साधन. त्याचे पट्टे हेल्मेटला दोन्ही बाजूंनी अडकतात. बहुतेक मॉडेलना रेसिंगचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा बेल्ट) लागतो, साधा तीन टोकांचा बेल्ट चालत नाही.

खात्री लेबलवर करा. रिस्ट्रेंटवर ३८.१ किंवा ८८५८ हा मानक क्रमांक असतो. कॉलरवर ३.३ दिसला, तर ती परीक्षा फक्त आगीची. हेल्मेटला पट्टे अडकवायची जागा आहे का, तेही बघा. बाईकच्या हेल्मेटला ती सहसा नसते.