फ्लिप फोन

फ्लिप फोन म्हणजे बिजागरीवर मधोमध दुमडणारा मोबाइल फोन. त्याच्या वरच्या भागात पडदा आणि खालच्या भागात बटणे असतात. मोटोरोलाने १९९६ मध्ये आणलेला सुमारे ८८ ग्रॅम वजनाचा ‘स्टारटॅक’ हा या घडणीचा पहिला गाजलेला फोन होय. त्याच कंपनीचा २००४ मधील ‘रेझर व्ही३’ तर १३ कोटींहून अधिक विकला गेला. २०२० पासून मिळणारा सॅमसंगचा ‘गॅलेक्सी झेड फ्लिप’ घडी घालता येत असला, तरी तो स्मार्टफोनच असल्याने येथे विचारात घेतलेला नाही.

या फोनची मुख्य सोय त्याच्या मिटण्यात आहे. एका भागातील चुंबक दुसऱ्या भागातील सेन्सरजवळ आला की फोन मिटल्याचे यंत्रणेला कळते व चालू असलेला कॉल संपतो. मिटलेल्या फोनची बटणे झाकलेली राहत असल्यामुळे खिशात चुकून कोणाला फोन लागत नाही, आणि किल्ल्या-नाण्यांचे ओरखडे आतल्या पडद्यावर उमटत नाहीत. पडदा लहान व पार्श्वभूमीला चालणारी ॲप मोजकी असल्याने एकदा चार्ज केलेली बॅटरी बहुधा काही दिवस पुरते.

दुखणेही त्याच बिजागरीचे आहे. दोन्ही भागांना जोडणारी पातळ फ्लेक्स केबल तिच्यातूनच जाते; वर्षानुवर्षांच्या उघडझापीने ती झिजली की फोन एका विशिष्ट कोनात धरल्यावरच पडदा दिसतो, मग पांढरा पडतो आणि अखेरीस बंद होतो. जुन्या मॉडेलची केबल मिळणे हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम आहे.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. देवनागरी वर्णमाला मोजक्या बटणांवर वाटलेली असल्याने ‘ज्येष्ठ’सारखा दोन जोडाक्षरांचा शब्द लिहायला एकेक बटण अनेकदा दाबावे लागते, मराठी माणूस अशा फोनवर रोमन लिपीत संदेश लिहितो, तो बराचसा याच कंटाळ्याने.

भारतात विकत घेताना नेटवर्क तपासणे अत्यावश्यक आहे, कारण केवळ २जी चालणाऱ्या संचात जिओचे सिम उपयोगी पडत नाही. बँकेचा ओटीपी साध्या एसएमएसने येतो. मात्र दुकानातील क्यूआर कोड स्कॅन करण्याची सोय बहुतेक फ्लिप फोनमध्ये नसते. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय १२३पे’मुळे ठरावीक क्रमांकावर फोन करून पैसे पाठवता येतात, परंतु भाजीच्या गाडीपाशी मागे रांग उभी असताना ध्वनिमुद्रित सूचना ऐकत बसण्यापेक्षा सुटे पैसे देणेच सोयीचे पडते.