जिमच्या दारातली जाळीची काच : पार्श्वभूमी

अमेरिकेत दारांच्या काचेसाठी देशभर एकच आघात-चाचणी सक्तीची झाली ती १९७७ मध्ये. सुमारे ४५ किलोची छर्‍यांची पिशवी टांगून काचेवर सोडायची. लहान काचेला ४६ सेंटिमीटर उंचीवरून, मोठ्या काचेला १२२ सेंटिमीटरवरून. काच फुटली तरी हरकत नाही, पण ७६ मिलिमीटरचा गोळा सहज आरपार जाईल असं भोक नको, नाहीतर तुकडे बारीक हवेत.

आगप्रतिबंधक दारांतली जाळीची काच, म्हणजे आत तारेची जाळी घातलेली काच, मात्र यातून वगळली. तेव्हा कारण खरं होतं. टफन्ड काच, म्हणजे तापवून कडक केलेली काच, आगीच्या चाचणीत भुगा होऊन पडते. जाळीची काच तडकते, पण तारेमुळे चौकटीत टिकते, धूर-ज्वाळा अडवते. दोन्ही चाचण्या पार करणारी काच बाजारात नव्हती. म्हणून मुदतीची सूट दिली, आणि ती पुढे कायम झाली. या काचेला वेगळ्या, ऐच्छिक मानकात तीच पिशवी फक्त ३० सेंटिमीटरवरून सोसायची होती. एवढ्यावर तिला ‘सेफ्टी’ म्हणणं, सरळ सांगायचं तर, धूळफेक होती.

तारेमुळे काच मजबूत होते हा समज पक्का रुजलेला. प्रत्यक्षात तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेच्या निम्म्याच ताकदीला ती फुटते. बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारचं दार घ्या: पळत आलेला खेळाडू तळहात पुढे करतो, दार ढकलायच्या आडव्या दांड्याऐवजी हात काचेवर पडतो. हात आत घुसतो, तार त्याला अडकवते आणि मागे ओढताना मनगटाच्या शिरा, स्नायुबंध चिरतात. अशा जखमांच्या दाव्यांनी सूट मोडली. दरम्यान आघात-चाचणीही पार करणारी सिरॅमिक काच आणि वर फिल्म (चिकट प्लास्टिकचा थर) चढवलेली जाळीची काच मिळू लागली होती. २००३ च्या अमेरिकेतल्या नमुना इमारत-संहितेत शाळा व क्रीडागृहांतली, २००६ मध्ये सर्वच इमारतींमधल्या धोक्याच्या जागांची जुनी जाळीची काच बाद झाली.

स्क्वॉश कोर्टाच्या काचभिंतींचा नियम त्या मानाने सुटसुटीत: जमिनीपासून दीड मीटरवर आघात, काच शाबूत, लवचीक वाक जास्तीत जास्त ३८ मिलिमीटर.

भारतात टफन्ड व लॅमिनेटेड (थर चिकटवलेल्या) काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे, २०२० च्या आदेशाने त्यावर सक्तीचं चिन्ह आलं. जाळीच्या काचेचं मानक वेगळं, आणि ते सुरक्षा-काचेचं नाही. निविदेत नुसतं ‘आयएसआय काच’ लिहिलं की घोटाळा इथेच होतो.

नवे नियम नव्या बसवणीला लागतात. जुन्या दारावर फिल्म लावायची तर ती त्या काचेच्या आग-प्रमाणपत्रात नोंदलेलीच हवी, शिक्का काचेवर कायमचा. नाहीतर आघात सांभाळताना दाराचं आग-प्रमाणपत्र जातं.