बंब का धुमसतो?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप फिरत होता : तांब्याच्या बंबातल्या पाण्याने अंघोळ करा, सांधेदुखी पळेल. कढत पाण्याने आखडलेलं अंग मोकळं होतं हे खरं, पण ती करामत उष्णतेची. जर्मनच्या पातेल्यातलं पाणीही तेच करतं. बंबातली खरी गंमत आहे ती त्याच्या मधल्या नळीत.

तांब्याचं पिंप, मधोमध आरपार उभी नळी, तळाशी जाळी. ढलप्या, करवंट्या वरून टाकायच्या. राख खाली पडते आणि भोवतीचं पाणी तापतं.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाळा लाकडाची नसतेच. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला लाकडाचं विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या पदार्थांची वाफ सुटते, ज्वाळा त्यांची. त्यांना पुरेशी हवा आणि सहाशेएक अंश तापमान मिळालं नाही, तर ते न जळताच वर जातात. तोच धूर. पटत नसेल तर मेणबत्ती विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या रेघेला लगेच पेटती काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून उतरून वात पुन्हा पेटवते.

आता ओलं लाकूड घेऊ. नुकत्या तोडलेल्या एक किलो लाकडात निम्मं पाणी धरा. हे अर्धा किलो पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे १६० किलोज्यूल लागतात. वाफ करायला किलोमागे २२६०, म्हणजे इथे ११३०. एकूण झाले १३००च्या आसपास. उरलेलं अर्धा किलो कोरडं लाकूड देतं जवळपास ९०००. पाण्याने खाल्ला जेमतेम सातवा हिस्सा! मग एवढा धूर कशाला? कारण अडचण उष्णतेची नाही, तापमानाची आहे. ढलपीचा ओला भाग पाणी आटेपर्यंत शंभराच्या फारसा वर जात नाही. बाहेरच्या वाळल्या कडेतून मात्र वायू सुटू लागलेले असतात. त्यांत ही वाफ मिसळते, त्यांना गार आणि पातळ करते, आणि ते पेट घेत नाहीत. ढलपीच्या कापलेल्या टोकाकडे बघा, तिथे फेस चुरचुरताना दिसेल. झाडात पाणी वर नेणाऱ्या नलिका लांबीच्या दिशेने असतात, वाफही त्याच वाटेने बाहेर पडते.

बंबात आणखी भर पडते ती नळीच्या भिंतीची. पलीकडे पाणी असल्याने तीही शंभराच्या आसपासच अडकते. ज्वाळा तिला टेकली की विझते आणि डांबराची वाफ तिथेच थिजून काळा चिकट थर धरतो. काजळीतून उष्णता तांब्याच्या हजारो पटींनी कमी वाहते, म्हणून बंब गार असताना नळी नारळाच्या सोडणाने आतून घासायची. जाळीखालची राखही रोज काढायची, हवा तिथूनच येते.

भिंत गार राहते म्हणून तर बंब टिकतो. पाणी न भरता पेटवलात तर सांधे जोडणारा डाक वितळतो. हे मी स्वतः करून पाहिलंय. तेव्हा सांधेदुखी बंबालाच झाली होती.

धूर थांबला की बंब न्हाणीघरात घेणारे लोक आहेत. नुसते निखारे फुललेले असताना धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड सुटतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. बंब अंगणातच ठेवा. पाणी बादलीने आत न्या.