रडल्यावर येणारं माणूस

अनोळखी खोलीत वर्षभराचं मूल आईजवळ खेळतंय. आई उठून बाहेर जाते, दोन-तीन मिनिटांत परतते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रचलेल्या या प्रयोगात सगळ्यांत मोलाचे ते आई परतल्यानंतरचे क्षण. रडवेलं मूल तिच्याकडे झेपावलं, कडेवर शांत झालं आणि पुन्हा खेळण्यांकडे वळलं, की त्या नात्याला सुरक्षित म्हणायचं.

या नात्याचा परिणाम शरीरातही दिसतो. अमेरिकेत मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर विदूषक आणला आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. बुजऱ्या मुलांपैकी ज्यांचं आईशी नातं असुरक्षित होतं, त्यांचं कॉर्टिसॉल वाढलं. सुरक्षित नात्यातली मुलंही बुजली होती, पण त्यांच्यात ही वाढ दिसली नाही.

मग रडल्यावर येणारं असं माणूसच नसेल तर? हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रोमानियातल्या अनाथालयांत हजारो मुलं होती. एकेका आयाकडे डझनभर मुलं, त्यात पाळ्या बदलणाऱ्या. बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी अशी १३६ लहान मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे परक्या मुलांना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, पाठवली. उरलेल्यांनाही सरकारनं घर शोधून दिलं, तर कुणी अडवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. तरीही हा प्रयोग वाचताना पोटात कालवतं.

साडेचार वर्षांच्या वयात तपासणी झाली. कुटुंबात गेलेल्या मुलींमध्ये नैराश्य आणि चिंतेचे विकार स्पष्टपणे कमी होते. मुलग्यांमध्ये तसा फरक पडला नाही. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. साडेतीन वर्षांच्या वयात नातं किती सुरक्षित आहे, हे संशोधकांनी मोजून ठेवलं होतं. कुटुंबात गेल्यावर मुलींचं नातं अधिक सुरक्षित झालं होतं, मुलग्यांचं फारसं नाही. मात्र ज्यांचं नातं अधिक सुरक्षित, त्यांना हे विकार कमी, आणि हे मुलगे-मुली दोघांनाही लागू होतं. म्हणजे नुसतं घर बदलून भागलं नाही, त्या घरातल्या माणसाशी नातं जुळावं लागलं.

सुरक्षित नात्यानं नैराश्य हमखास टळतं, असं कुणी म्हणत नाही. आनुवंशिकता, गरिबी, पुढचे आघात यांचाही वाटा असतोच. आणि हे माणूस जन्मदात्री आईच असायला हवं असंही नाही. बुखारेस्टमधल्या त्या मुलींना सांभाळणाऱ्या बायका त्यांच्या कुणीच लागत नव्हत्या.